नवसाची वेणी

ग्रिसेल्दाच्या घरी जेवायला जायचं माझ्या मनात अजिबात नव्हतं. जिच्या चमत्कारानं माझ्या सगळ्या कामावर पाणी फिरवलं, तिच्याच घरचं मक्या-मटणाचं पोसोले ओरपायला कोणत्या तोंडानं जाऊ? पण गेले नसते तर अख्खी वस्ती म्हणाली असती, तोमासा जळते. म्हणून चांगला स्वेटर चढवला, ओठांना रंग लावला आणि गेले.

माझं काम म्हणजे बायकांच्या मागं लागणं. याकिमाच्या खोऱ्यात सफरचंदांच्या पॅकिंग शेडमध्ये सीमेपलीकडून आलेल्या आमच्या बायका दिवसभर उभ्या असतात. त्यांच्या दारोदार जाऊन मी सांगते, बाई गं, गर्भपिशवीच्या तोंडाची तपासणी करून घे, तिथला कॅन्सर गुपचूप वाढतो, लवकर सापडला तर काही नाही. दवाखान्याची गाडी कधी शेडच्या आवारात येते, कधी नर्स चर्चच्या हॉलमध्ये पडदे लावून बसते. आत जायचं, आडवं व्हायचं, दोन प्रार्थना पुटपुटेपर्यंत काम होतं. पण आमच्या बायका! मुलाच्या दातासाठी शहर पालथं घालतील, स्वतःचं नाव काढलं की चुलीवर काहीतरी करपत असतं.

“डोन्या तोमासा, इतकी पोरं झाली, आता तिथं काय बघायचं राहिलंय?”

“पोरं बाहेर आली. मागं काय राहिलंय ते बघायचंय.”

“माझा नवरा नाही म्हणतो.”

“त्याला म्हणावं, ट्रकचं तेल दर महिन्याला बघतोस ना? मग बायकोचं नको बघायला कुणी?”

असं हसवून, चिडवून, कधी शिव्या घालून एकेकीला न्यायचं. त्यात हा चमत्कार झाला.

सफरचंदांची तोड संपली तेव्हा ग्रिसेल्दाला दवाखान्यातून फोन आला. तपासणीत वाईट दिसलंय, ताबडतोब या. ग्रिसेल्दा तोवार म्हणजे वस्तीतली धीराची बाई, पण तिच्याही तोंडचं पाणी पळालं. तिनं गावाकडच्या सान हुआनच्या माउलीला नवस बोलला की मला यातून सोडव, माझी वेणी तुझ्या पायाशी. ती वेणी म्हणजे काय सांगू! कमरेखाली रुळायची, मनगटाएवढी जाड. लग्नापासून तिला कात्री लागली नव्हती. मग ती दवाखान्यात गेली. त्यांनी पुन्हा तपासलं, भिंगातून बघितलं, आणि काही नाही! स्वच्छ! डॉक्टर म्हणाली, असं होतं कधी कधी, आपोआप जातं.

आपोआप म्हणे. वस्तीत कुणाला ते पटणार होतं? स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून ग्रिसेल्दानं वेणी कापून घेतली, पांढऱ्या कापडात गुंडाळली आणि गावी निघालेल्या चुलतभावाच्या हाती हालिस्कोला माउलीच्या चर्चमध्ये पाठवली. तेव्हापासून मी दार वाजवलं की एकच उत्तर. “डोन्या, ग्रिसेल्दाला तर निघाला होता. माउलीनं काढून टाकला. मग कशाला ते चिमटे आणि चमचे?” आणि दार बंद.

तर हे जेवण माउलीचे आभार मानायला होतं. कोपऱ्यात तसबिरीपुढं मेणबत्त्या, कागदाची फुलं, मोठं पातेलं रटरटतंय. ग्रिसेल्दा मधोमध बसलेली, केस कानापर्यंत, मान उघडी. पाठीचं दुखणं लागल्यापासून ती शेड सोडून घरीच असायची, त्यामुळं गोष्ट सांगायला तिला वेळही भरपूर. बायका पुन्हा पुन्हा विचारायच्या, ती पुन्हा पुन्हा सांगायची.

“फोनवर ती बाई म्हणते कशी, सेन्योरा, तोडीच्या दिवसांत आमची गाडी शेडच्या आवारात आली होती ना, त्या तपासणीत दिसलंय. मी खालीच बसले.”

माझा चमचा वाटीतच राहिला.

“कुठली तपासणी म्हणाली?” मी विचारलं.

“गाडीतली. अशीच काहीतरी म्हणाली. मी कुठली शुद्धीवर असायला त्या वेळी?”

“अगं, पण तुझी तपासणी तर चर्चच्या हॉलमध्ये झाली. वसंतात, फुलोरा होता तेव्हा. तुझी पर्स धरून मीच उभी होते.”

“मग तीच असेल. तोमासा, तू कसली वकिली करतेस? माउलीला पावती मागतेस की काय?”

बायका हसल्या. मी पण हसले, पण मनात पाल चुकचुकली ती गप्प बसेना. चर्चच्या हॉलमधल्या तपासणीचा निकाल इतक्या उशिरा येत नाही. आणि ग्रिसेल्दा शेडच्या फाटकातून आत गेली त्याला किती हिवाळे झाले.

पण रोज सकाळी एक ग्रिसेल्दा तोवार त्या फाटकातून आत जात होती.

हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं, बोलत कुणी नव्हतं. आमच्याकडं निम्म्या बायका दुसरीच्या नावावर उभ्या असतात. ज्यांचे इथं राहायचे कागद आहेत आणि ज्या कामाला जात नाहीत, त्यांचे कागद ज्यांच्याकडं काहीच नाही त्यांच्या गळ्यात. ग्रिसेल्दाचं नाव देल्फिनाच्या गळ्यात होतं. देल्फिनाच्या पोरीला, यारेत्सीला, बाप्तिस्म्याच्या वेळी ग्रिसेल्दानं हातात धरलं, तेव्हापासून त्या दोघी कोमाद्रे, आणि आमच्यात हे नातं सख्ख्या बहिणीच्या नात्याहून जड. शेडमध्ये देल्फिनाला सगळे ग्रिस म्हणून हाक मारायचे आणि ती ओ द्यायची.

मी मान वळवून बघितलं. देल्फिना पातेलं उचलायला वाकली होती. अर्ध्यात थांबली, एक हात कंबरेवर ठेवला, ओठ दाबले, मग उचललं. चेहरा मैद्यासारखा पांढरा. एवढ्या जेवणावळीत तिनं काळा स्कर्ट घातला होता, आणि आठवून बघितलं तर गेले कित्येक दिवस काळाच घालत होती.

रोग गेला नव्हता कुठं. आमच्यातच बसून वाढत होता.

मी वाटी धुवायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात गेले. देल्फिना उलट्या बादलीवर बसली होती.

“पोरी, गाडी आली तेव्हा तू आत गेली होतीस?”

तिनं मान खाली घातली. “तुम्हीच तर मागं लागला होतात, डोन्या.”

“नाव कोणतं सांगितलंस?”

“कोणतं सांगणार? कार्ड गळ्यात, सुपरवायझर गाडीच्या दाराशी उभी. जन्मतारीखसुद्धा कोमाद्रेचीच सांगितली. पाठ आहे ती मला, स्वतःच्यापेक्षा जास्त.”

दवाखान्याच्या नोंदीत ग्रिसेल्दा तोवार आधीच होती, तिचा फोन नंबर होता. त्यांनी ही तपासणी तिच्यातच घातली आणि फोन तिला लावला. त्यांना काय माहीत की एका नावात दोघी राहतात.

“आणि तिला फोन आला तेव्हा? तेव्हा तुला कळलं नाही?”

तिनं हात लांब करून ठिबकणारा नळ आवळला.

“कळलं. ती रडत पहिली माझ्याकडंच आली. मी स्वतःला म्हटलं, तिचंच असेल. तिचंच असू दे. बघा, असा विचार केला मी, माझ्या पोरीच्या बाप्तिस्म्याच्या आईबद्दल.” तिनं तोंडावर हात ठेवला. “मग तिची वेणी मीच कापली. कापताना मी पण मागितलं. त्याच नावानं. आजार ग्रिसेल्दा तोवारला होता ना, डोन्या? आणि माउलीनं ग्रिसेल्दा तोवारला बरं केलं. मग मी पण त्यातच आले.”

मला रडू यायला हवं होतं, पण आला तो संताप. “अगं खुळे, माउली काय शेडची सुपरवायझर आहे, गळ्यातलं कार्ड बघून ओळखायला? रक्त जातं?”

“जातं.”

“कधी?”

“आधी फक्त नवऱ्याजवळ गेले की जायचं. आता खोकं उचललं तरी जातं.”

मागं काहीतरी वाजलं. ग्रिसेल्दा दारात उभी होती, हातातला चमचा खाली पडलेला. तिनं किती ऐकलं हे विचारायची गरज नव्हती.

“माझं नाव तुला काम करायला दिलं होतं,” ती हळू आवाजात म्हणाली. “त्यात हे आणून ठेवायला नाही.”

“कोमाद्रे...”

“मी रात्र रात्र जागले. मुलांना कुठं ठेवायचं ते ठरवून बसले. माझी वेणी गेली! आणि तू समोर कात्री घेऊन उभी होतीस.”

मीच मध्ये पडले. “भांडण नंतर करा. उद्या दवाखान्यात जायचं आणि तो निकाल हिचा होता म्हणून सांगायचं. ही नव्या नावानं गेली तर पहिल्यापासून सगळं, वाट बघा, पुन्हा वाट बघा. तोडीच्या दिवसांतला निकाल हिचा आहे कळलं तर मोठी डॉक्टर लगेच घेईल.”

“म्हणजे मी स्वतःच्या तोंडानं सांगू, माझे कागद मी दुसरीला दिलेत म्हणून? मला हाकलतील इथून.”

“दवाखाना आहे तो. कागद नाही बघत तिथं.”

“तुझ्या बोलण्यावर माझी पोरं ठेवू काय गं?” मग तिचा हात मानेवर गेला, जिथं वेणी असायची तिथं. “आणि बाहेर सगळ्या बसल्यात. त्यांना काय सांगू? माउलीनं माझ्यासाठी काहीच केलं नाही म्हणून?”

“तुला काही झालंच नव्हतं, ग्रिसेल्दा.”

ते मी बोलायला नको होतं. तिचा चेहरा असा झाला की जणू मी तसबीर फोडली. “तू जळतेस,” ती म्हणाली. “तुझ्या गाडीपेक्षा माझी माउली मोठी निघाली ते तुला सहन होत नाही. जा माझ्या घरातून.”

मी गेले. बाहेर बायका माउलीचं गाणं म्हणत होत्या.

दुसऱ्या दिवसापासून मी देल्फिनाच्या मागं लागले. शेडच्या फाटकाशी गाठलं, कपडे धुवायच्या दुकानात गाठलं. “चल, नव्या नावानं तर नव्या नावानं, पण चल.” ती एकच सांगायची, कोमाद्रे हो म्हणेपर्यंत नाही. “मी दवाखान्यात पाय ठेवला की तिचा नवस खोटा होतो, डोन्या. तिनं मला भाकरी दिली. ते विसरून मी जगू?” तिच्या नवऱ्याला, एवारिस्तोला सांगावं तर तो बिअरच्या हॉप्सच्या मळ्यात, खोऱ्याच्या दुसऱ्या टोकाला, आणि तिनं माझ्याकडून शपथ घेतलेली. मीच जाऊन नर्सच्या कानात सांगावं असं शंभरदा वाटलं. पण बायका मला दार उघडतात ते मी कुणाचं नाव कुणाला सांगत नाही म्हणूनच. एकदा सांगितलं की पुन्हा एकही दार उघडणार नाही. असं म्हणत मी रोज दवाखान्यावरून जायचे आणि आत न शिरता परत यायचे. बर्फ पडला, बागा पांढऱ्या झाल्या. देल्फिना वाळत चालली. फाटकातून आत जाताना ती भिंतीला हात लावून चालायची, आणि मला बघितलं की हसायची. ते हसू बघवत नव्हतं.

मग एके दिवशी भर दुपारी माझा फोन वाजला. ग्रिसेल्दा होती. त्या जेवणानंतर पहिल्यांदा.

“तोमासा, गाडी काढ.”

“काय झालं?”

“मी शेडमध्ये मरून पडलेय.”

मला वाटलं तिचं डोकं फिरलं. “आत्ता शेडमधून फोन आला. घरचा म्हणून तिनं माझाच नंबर दिलेला. बाई म्हणाली, ग्रिसेल्दा तोवार सफरचंदं सरकतात त्या पट्ट्याशेजारी कोसळलीय, फार रक्त गेलंय, अ‍ॅम्ब्युलन्स नको म्हणतेय, तुम्ही तिच्या कोण? तोमासा, मी कोण लागते म्हणून सांगू गं? मी कानाला फोन लावून माझ्याच मरणाची बातमी ऐकली.”

देल्फिनाला आम्ही मागच्या सीटवर आडवं केलं. सफरचंदाच्या खोक्यात घालतात ते जांभळे कागद बायकांनी तिच्याखाली अंथरले होते, ते काळे पडले होते. ग्रिसेल्दा तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली. सगळ्या वाटेत एकच बोलत होती, “झोपायचं नाही. माझ्याकडं बघ. झोपायचं नाही.” देल्फिना मध्येच म्हणाली, “सुपरवायझरला सांगा, ग्रिस उद्या येईल.” ग्रिसेल्दा म्हणाली, “ग्रिस इथं आहे. तू गप्प पड.”

दवाखान्यात बाकांवर माणसं दाटीनं बसलेली, त्यात शेडच्या दोघीतिघी पोरांना खोकला झाला म्हणून आलेल्या, चर्चमधल्याही काही. नर्सनं देल्फिनाच्या गळ्यातलं कार्ड उलटं करून वाचलं. “ग्रिसेल्दा तोवार? यांचं तर मागं सगळं स्वच्छ आलं होतं.”

मी ग्रिसेल्दाकडं बघितलं. ती आत्ता गप्प बसली असती तर मी तिचं काय केलं असतं मला माहीत नाही.

तिनं पुढं होऊन ते कार्ड देल्फिनाच्या मानेतून काढलं.

“ग्रिसेल्दा तोवार मी आहे,” ती म्हणाली, एवढ्या मोठ्यानं की खोकणारी पोरंसुद्धा थांबली. “स्वच्छ आले ती मी. ही देल्फिना किरोस. तोडीच्या दिवसांत तुम्हाला जे दिसलं होतं ते हिचं. तुम्ही मला फोन केलात, आणि मी... मी माउलीचे आभार मानत बसले.”

बाकावरची एक बाई “हे देवा” म्हणाली. नर्सनं कागद काही मागितले नाहीत. तिनं स्ट्रेचर मागवलं आणि ती आत पळाली.

रक्त थांबलं. पुढं तपासण्या, शहरातलं मोठं हॉस्पिटल, यंत्रं. शेवटी निकाल सांगायला डॉक्टरनं बोलावलं तेव्हा एवारिस्तो आत होता, आम्ही दोघी पण देल्फिनाच्या हट्टानं आत. डॉक्टर सरळ बोलली. गाठ पिशवीच्या तोंडापुरती राहिलेली नाही, बाजूला सरकलीय. उपचार करू, जोरात करू. वचन देता येणार नाही. एवारिस्तोनं विचारलं, तोडीच्या दिवसांतच आलो असतो तर? डॉक्टर म्हणाली, “तर बहुतेक एक छोटं काम होतं. त्याच दिवशी घरी.”

कुणी कुणाकडं बघितलं नाही.

बाहेर पार्किंगमध्ये वितळलेल्या बर्फाचा चिखल होता. एवारिस्तो गाडी आणायला गेला. देल्फिना आपली वेणी पुढं घेऊन तिच्याशी चाळा करत उभी होती.

“मला पण नवस बोलायचाय,” ती म्हणाली. “आता माझ्या नावानं. पण माझ्याकडं द्यायला काय आहे? डॉक्टर म्हणते, औषधानं केस जातील.”

ग्रिसेल्दानं तोंड फिरवलं. तिचे खांदे हलत होते. मग ती वळली, देल्फिनाचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि खडसावून बोलावं तसं बोलली, “माझी गेलीय ना तिथं? ती तुझी होती. नाव चुकलं एवढंच. मी माउलीला कळवते.”

त्यानंतर ग्रिसेल्दा माझ्याबरोबर दारोदार फिरू लागली. मी बोलावलं नव्हतं. प्रत्येक दारात ती एकच सांगायची, “चमत्कार झाला नाही. मला काही नव्हतंच. देल्फिनाला होतं, आणि माझ्या चमत्कारानं तिचा वेळ खाल्ला.” काही बायका रडल्या, काहींनी तोंडावर दार लावलं. एकीनं तर विचारलं, मग माउलीनं काहीच केलं नाही का? ग्रिसेल्दा म्हणाली, “तिनं फोन करवला होता. उचलला चुकीच्या बाईनं.”

बागांना फुलोरा आला तेव्हा गाडी पुन्हा आली. या वेळी मी हट्ट धरून ती शेडपासून लांब, चर्चच्या मागं उभी करवली. देल्फिना तेव्हा शहरातच होती, हातावर तिच्या स्वतःच्या नावाची पट्टी बांधून. गोष्टी चांगल्या चालल्यात की वाईट, हे फोनवर ती सांगत नव्हती आणि आम्ही विचारत नव्हतो. यारेत्सी ग्रिसेल्दाचा हात धरून गाडीच्या पायरीशी उभी होती.

रांग लागली. माझ्या आयुष्यात एवढी लांब रांग मी बघितली नव्हती, पण हसत कुणी नव्हतं. पहिली पुढं गेली ती शेडमधली सेलिया, जिच्याबरोबर मी इतके हिवाळे ऊन खात गप्पा मारल्या.

“नाव?” नर्सनं विचारलं.

“सेलिया...” ती सवयीनं म्हणाली आणि थांबली. मागं वळली. ग्रिसेल्दाच्या उघड्या मानेकडं बघितलं, यारेत्सीकडं बघितलं.

“नाही,” ती म्हणाली. “लिहा, इर्मेंगार्दा. इर्मेंगार्दा सोलिस.”

मी तिचं खरं नाव त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. मग मागच्या सगळ्याजणी पुढं सरकल्या, आणि एकेक करून हळू आवाजात आपापली नावं सांगू लागल्या.